अप्पांचे निगेटिव्ह घरीच स्कॅन केले, तेव्हा

२०२१च्या जुलैमधल्या पुरात चिपळूणच्या घरातले खालच्या खणातले सगळे अल्बम गेले. वाचले ते माळ्यावरचे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. एकात सुटे फोटो, दुसऱ्यात अप्पांनी बटर पेपरच्या पाकिटांत घालून ठेवलेले निगेटिव्ह. अप्पा गेल्यावर आई म्हणाली, "तू पुण्याला घेऊन जा. इथल्या दमट हवेत अजून किती तग धरणार ते?"

मी घाईघाईने एक पातळसा, यूएसबीवर चालणारा स्कॅनर घेतला. दुकानदाराने "फोटो, डॉक्युमेंट, सगळं होतं" असं सांगितलं होतं. सपाट फोटो चांगले आलेही. कडा वळलेले फोटो मात्र काचेपासून जिथे जरा उचललेले होते तिथे धूसर आले, आणि निगेटिव्हच्या जागी तर नुसत्या काळ्या पट्ट्या. फोटोवर पडलेला प्रकाश परत येतो आणि स्कॅनर तो वाचतो. फिल्मच्या आरपार प्रकाश जावा लागतो, त्यासाठी झाकणात वेगळा दिवा हवा. माझ्या यंत्रात तो नव्हताच. वळलेल्या फोटोंचं कारणही नंतर कळलं: या पातळ यंत्रांतला सीआयएस सेन्सर काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट पाहतो. सीसीडी सेन्सरची यंत्रं जाडजूड असतात, पण थोडं उचललेलंही नीट टिपतात.

दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी मी डबा जमिनीवर ओतला आणि मोजपट्टी घेऊन बसले. हे आधी करायला हवं होतं. रंगीत पट्ट्या नेहमीच्या ३५ मिमीच्या, म्हणजे एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर. आणि त्याखाली जुन्या कृष्णधवल चौकोनी निगेटिव्ह, जवळजवळ ६ बाय ६ सेंटीमीटरच्या. अप्पांच्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याच्या! एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे, म्हणून ते प्रत्येक वेळी सगळ्यांना पाच-पाच मिनिटं उभं करायचे.

या मोजणीनेच निवड झाली. प्लस्टेकचे फक्त फिल्मसाठी असलेले छोटे स्कॅनर ३५ मिमीला फ्लॅटबेडपेक्षा, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरपेक्षा, सरस, पण त्यांत चौकोनी निगेटिव्ह बसतच नाही. मला दोन्ही हवं होतं, शिवाय फोटोही. शेवटी एप्सनचा व्ही६००, झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, वापरलेला मिळाला, तो घेतला. फक्त ३५ मिमीच असतं तर मी प्लस्टेककडेच वळले असते.

खोक्यावरच्या डीपीआयच्या (इंचामागे किती ठिपके) आकड्याने मला आधी भुरळ घातली होती. फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असलं तरी तेवढा तपशील हाती लागत नाही, फाइल तेवढी फुगते. मी ३५ मिमीला २४०० ठेवते. त्यात सुमारे ७७ लाख पिक्सेल मिळतात, ए-फोर आकाराच्या छापाला पुरतात. चौकोनी निगेटिव्हला त्याच २४००मध्ये पावणेतीन कोटींच्या वर जातात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. धूळ-ओरखडे आपोआप पुसणारं 'डिजिटल आइस' कृष्णधवल फिल्मला लावू नका. ते इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखतं. रंगीत फिल्मच्या रंगांतून तो प्रकाश सरळ पार होतो, कृष्णधवलमधली चांदी तो अडवते, आणि यंत्राला चेहराच धूळ वाटतो. आत्याच्या लग्नातल्या एका फ्रेममध्ये नथीची कड अशीच पुसटली. बंद करून पुन्हा स्कॅन केली, तेव्हा मोती न् मोती दिसला.

बुरशीसाठीही घाई नको. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं तर चित्रच फडक्यावर यायचं. मी हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश एवढंच वापरलं. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात, त्या तशाच ठेवल्यात. ओढून फाडायची हिंमत नाही. बाकीच्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात गेल्या.

रंगीत फ्रेमला आइस लावून काही मिनिटं लागतात, तेव्हा रविवारी दुपारी दोन-तीन पट्ट्या, एवढाच वेग. चौकोनी मात्र मी राखून ठेवल्या होत्या.

त्यातली पहिलीच घाटावरची निघाली. तिचा छापील फोटो आम्ही लहानपणापासून पाहिलेला: आई आणि मावशी, दोघीच. स्टुडिओने चौकोनी निगेटिव्ह आयताकृती कागदावर छापताना बाजू कापली होती. पडद्यावर पूर्ण चौकोन उघडला, तर डाव्या कडेला डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत आजी उभी होती. तिचा तरुणपणचा दुसरा एकही फोटो आमच्याकडे नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, तिने हाक मारली होती आम्हाला, जेवायला चला म्हणून."