उघड्यावर का लावता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत आम्हाला शेत सोडता येत नाही. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बे एरियातल्या मंडळींची आणि आमची गाठ पडते ती दिवाळीच्या कार्यक्रमाला. फराळाची ताटली हातात येते न येते तोच कुणीतरी विचारतं, "दरवर्षी तिकडे आगी, दरवर्षी धूर. मग पीक अजून उघड्यावर का लावता? शेडमध्ये का नाही घेत?" निफाडहून फोनवर आईचाही हाच प्रश्न असतो, फक्त ती पिकाचं नाव घेत नाही. आम्ही कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी काउंटीच्या दक्षिण टोकाला परवान्यावर गांजा पिकवतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तो बरा की वाईट यावर आपलं बोलून झालंय, ते मला पुन्हा उकरायचं नाही. धुराबद्दल मात्र एकदा सगळं सांगून टाकते.

आधी तो दुसरा प्रश्न, जो हसत हसत येतो. "शेवटी ओढायचंच ना ते? मग धुराने काय बिघडतं?" मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. गांजाच्या फुलावर राळेच्या बारीक गाठी असतात. भिंगातून पाहिल्या तर दवाच्या थेंबाला देठ फुटावा तशा दिसतात. पिकाची सगळी किंमत त्या गाठींची. आधी त्या पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात आणि त्यातल्या काही तांबूस व्हायला लागल्या की कापणीचं बघायचं. राळ चिकट असते. द्राक्षाच्या मण्यावरची धूळ फुंकरीने जाईल, पण इथे पडलेली राख रुतून बसते. २०२० साली मी भिंग लावलं तेव्हा गाठींच्या मधे करडे कण अडकलेले होते, आणि एका फुलात पाइनच्या जळक्या सुईचा अख्खा तुकडा. धुवायचं म्हणावं तर भरलेल्या फुलात पाणी शिरतं आणि ऊन-वारा नसेल तर ते आतून कुजायला लागतं. धूर बसलेला असतो तेव्हा ऊनही नसतं आणि वाराही पडलेला असतो. म्हणून हवेच्या ब्लोअरने झटकायचं, निघेल तेवढं निघेल. त्यातून उरतं ते ओढणाऱ्याच्या छातीत जाणार, आणि त्यातले बरेच लोक दुखणं कमी व्हावं म्हणून हे घेतात.

आता शेड. आमची जमीन विजेच्या तारांपासून लांब आहे, सगळं सौर पॅनेलवर चालतं. दाट धुरात पॅनेल जवळजवळ मुकी होतात. बंद खोलीत दिवे आणि एसी लावून पीक घ्यायचं तर जनरेटर रात्रंदिवस चालवावा लागेल, तोही वाळलेल्या जंगलाच्या मधोमध. पॉलिहाऊस म्हणाल तर त्याला पंखे लागतात, आणि पंखे बाहेरचीच हवा आत ओढतात. शिवाय आमचा परवाना उघड्यावरच्या दहा हजार चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या हिशेबात नऊ गुंठ्यांचा. या नऊ गुंठ्यांवर शेडचं कर्ज काढायला कुठली बँक मला दारात उभी करेल? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने हे पीक अजून गुन्ह्यात मोडतं. म्हणून तर नागरिकत्व हातात पडेपर्यंत मी या शेतातल्या एका पानालाही हात लावला नव्हता.

हे सगळं खरं आहे, पण एवढंच खरं नाही. मला उघड्यावरचं पीक आवडतं. दिवस लहान व्हायला लागले की झाड आपणहून फुलावर येतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. अडचण एवढीच, की ते फुलावर येतं ऑगस्टमध्ये आणि तयार होतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि डोंगर पेटतात तेही नेमके तेव्हाच.

२०२० मध्ये १६-१७ ऑगस्टच्या सुमारास कोरड्या विजा पडल्या आणि डोंगरात जागोजागी वणवे लागले. पुढे ते एकमेकांत मिसळले, त्याला ऑगस्ट कॉम्प्लेक्स नाव पडलं आणि जळालेलं क्षेत्र दहा लाख एकरांच्या वर गेलं. आमच्याकडे आधी नुसता धूर होता. मग ८-९ सप्टेंबरला वारं उठलं. तुम्ही तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत भर दिवसा नारिंगी झालेल्या आकाशाचे फोटो काढलेत, ते याच ९ तारखेला. आम्हाला घर सोडायचा हुकूम आला.

आमचं भांडण झालं ते पाण्यावरून. ओढ्याचं पाणी आम्ही पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, टाक्यांमध्ये साठवतो. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ओढ्याला हात लावायची परवानगी नाही. त्यामुळे टाकीत आहे ते शेवटचं. नवरा म्हणाला, हे पाणी घरासाठी आणि आग विझवणारे आले तर त्यांच्यासाठी राहू दे, पीक गेलं तर गेलं. मी म्हटलं, पीक गेलं तर घर कशाच्या जोरावर ठेवणार? तो छपरावर स्प्रिंकलर बांधत होता, मी वाफ्यांच्या कडेला ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी उभी. राख पडत होती, आणि दुपारी डोक्याला टॉर्च लावून मी कोणती ओळ सोडायची ते बघत होते. फुलं भरायच्या वेळी पाणी तुटलं तर झाडं मान टाकतात, हे मला लहानपणापासून घरच्या द्राक्षबागेत दिसलेलं. मी एक टाकी झाडांना सोडली आणि बाकीच्या त्याच्या ताब्यात दिल्या. त्या टाकीमुळे घर गेलं असतं तर? नवरा आजही हे बोलतो, आणि मी आजही म्हणते की तेव्हा मला दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. ते भांडण मिटलेलं नाही.

हायवे ३६ ने फोर्टुनाला उतरलो. मोटेलच्या खोलीत आईचा फोन आला. वर्षानुवर्षं त्या पिकाचं नाव न घेणाऱ्या माझ्या आईने आधी आम्ही सुखरूप आहोत ना ते विचारलं आणि मग म्हणाली, "पाणी सोडून आलीस का गं?" मला त्यावर धड उत्तर देता आलं नाही.

काही दिवसांनी जनावरांना चारापाणी करायला लोकांना आत सोडतायत असं कळलं, म्हणून मीही नाक्यावर गेले. राज्याच्या कायद्यात या पिकाला शेतमाल म्हटलंय, कागद माझ्या हातात होते. नाक्यावरचा माणूस कागद न उघडताच म्हणाला, गायीगुरं असतील तर बोला. माझ्या पुढची गाडी गेली, मागची गेली, मी वळून आले.

आग आमच्या रानापर्यंत आली नाही. घर राहिलं, झाडंही राहिली. कापली, वाळवली. वाळवणीच्या खोलीतसुद्धा धूर होताच. प्रयोगशाळेत सगळं पास झालं: कीटकनाशकं, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, बुरशी. शेकोटीच्या वासाची तपासणी मात्र त्यात नसते. ती खरेदीदाराने केली. पिशवी उघडली, नाक जवळ नेलं आणि परत बंद केली. माल तेल काढणाऱ्याला पडेल भावात गेला. कर वजनावर होता, औंसाला ९.६५ डॉलर, वास कसाही असो. तो कर २०२२ च्या जुलैत रद्द झाला, पण तोवर भावही कोसळलेले होते. २०२० मध्येच नापाकडच्या द्राक्षांनाही धुराचा वास लागला आणि कित्येकांनी रेड वाइन केलीच नाही. त्यांचंही नुकसान झालं, पण त्यांना पीकविमा होता. आम्हाला तो मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणी नापाच्या शेतकऱ्याला विचारलंत का, की द्राक्षं उघड्यावर का लावतोस?

पण हा प्रश्न मीही विचारलेला आहे. २०१४ च्या गारपिटीत आमची बाग झोडपली गेली, तेव्हा मी सॅन होजेच्या ऑफिसातून बाबांना फोनवर म्हटलं होतं, "वरून आच्छादन का नाही घालत तुम्ही?" ते म्हणाले, "एकरी किती लागतात ते विचार आधी." तेव्हाच्या मला आजची मी सांगेन की बाबांचं बरोबर होतं. त्यावर तेव्हाची मीही गप्प बसणार नाही, कारण आता नाशिक-सांगलीकडे काही बागांवर प्लास्टिक आच्छादन दिसतं, आणि ज्यांनी घातलं त्यांची द्राक्षं वाचतात. मग मी नऊ गुंठ्यांना चिकटून बसलेय ती हिशेबाने, की हट्टाने?

आणि जे तुम्ही कधी विचारत नाही, ते म्हणजे धुरात काम कोण करतं. कापणीला येणारे एक मेक्सिकन गृहस्थ आहेत, वयाने माझ्या काकांएवढे. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक १५१ झाला की मालकाने एन-९५ मास्क द्यायचे असा इथला नियम आहे. २०२० मध्ये कोविडमुळे ते मास्क मिळत नव्हते. आमच्याकडे होते ते आधी त्यांना दिले, आम्ही फडकं बांधलं. तरी दुपारनंतर त्यांचा खोकला शेताच्या त्या टोकावरून या टोकाला ऐकू यायचा. पीक उघड्यावर ठेवायचा निर्णय माझा आहे, छाती त्यांचीही आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि शेडवाल्या प्रश्नाने ते मिळतही नाही.

या हंगामात अर्ध्या वाफ्यांवर संध्याकाळी काळी ताडपत्री ओढून झाडं लवकर फुलावर आणायची, म्हणजे निदान तेवढा माल ऑगस्टच्या आत निघेल, असं मी ठरवलंय. रोज ताडपत्री ओढायला माणूस लागतो, त्यामुळे नवऱ्याला ते परवडणारं वाटत नाही. निर्देशांक २०० च्या वर गेला की काम बंद ठेवायचं, हेही मी त्या मेक्सिकन काकांना सांगून टाकलं. ते म्हणाले, मग त्या दिवसांचे पैसे कोण देणार? निम्मी मजुरी देते म्हटलं. त्यांना पूर्ण हवी आहे, आणि आमचं अजून ठरायचं आहे.