सातशेवा, पोह्यांच्या वेळी

२४ सप्टेंबर २०२२, शनिवार. लॉस एंजेलिसमध्ये शुक्रवारची रात्र, सदाशिव पेठेत आमच्याकडे पोह्यांना फोडणी. बेसबॉलपटू आल्बर्ट पुहोल्सनं कारकिर्दीतला ६९९वा होमरन (म्हणजे चेंडू थेट कुंपणापार) मारला तेव्हा मी कांदा चिरत होतो. पुढच्याच डावात सातशेवा! बॉन्ड्स, एरन, रूथ या बेसबॉलपटूंनंतर सातशे गाठणारा हा चौथाच. वय बेचाळीस! समोरच्या संघाचं मैदान, तरी सगळं स्टेडियम उभं.

मी असा ओरडलो की खालच्या काकू जिन्यात आल्या. "पितृपक्षात कसला जल्लोष रे?"

बाबांनी चष्मा पुसत रिप्ले पाहिला. "म्हणजे सिक्सरच की." (त्यांच्यासमोर यावर वाद घालायचं मी २०१५पासून सोडलंय.)

मग त्यांनीच विचारलं, "सचिनची शंभर शतकं, तसं काहीसं?"

तसंच, बाबा. पोहे मात्र करपले.