आमची वाटचाल : पीतांबरापासून पँथरपर्यंत

पंचवटीतल्या गणपतीच्या कारखान्यात मी पीतांबराला पिवळा मारायचो, भाऊ डोळ्यांची आखणी करायचे. रणगाड्यांचं खूळ देवळालीच्या काकांचं. काका तोफखान्यातून निवृत्त. एके दिवशी त्यांनी तळहातावर मावणारा, खऱ्याच्या १/७२ मापाचा पँथर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, आणून ठेवला. भाऊंनी त्यावर हिरवा पट्टा काठ धरून चोख ओढला, तर काका हसले. "भाऊ, ही पैठणी नाही. जर्मनांनी १९४३च्या फेब्रुवारीत खालचा रंग गडद पिवळा ठरवला. हिरव्या-तांबड्याची पेस्ट डब्यातून पलटणीला मिळायची. पोरं ती पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून फवारायची. कड धुरकटच हवी."

टेबलावर लढाईचा खेळ मांडणाऱ्यांना आम्ही असल्या छोट्या गाड्या रंगवून देतो. त्या धुरकट कडेवर आजवर आमचं पोट चाललंय.

पहिला एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेनासारखं यंत्र, ०.३ मिमी सुईचा, हवा जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरची. तो अजून चालतो. सुरू होताना खाकरतो तेवढंच.

ऑगस्ट २०१६, गोदेला पूर. पाणी दुकानापर्यंत आलं नाही, हवेतल्या ओलीनंच घात केला. ४० गाड्यांची ऑर्डर, उद्या पार्सल. भाऊ नको म्हणत असताना मी स्प्रेच्या डब्यातलं मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वॉर्निश फवारलं. थोड्याच वेळात सगळ्या गाड्या भस्म फासल्यासारख्या पांढऱ्या. नेमका त्याच दिवशी आमच्याकडेच शिकून वेगळा झालेला मुलगा राहिलेला पगार न्यायला आला. पैसे मोजून घेतले, मोबाइलवर फोटो काढले अन् गिऱ्हाइकाला पाठवले : "यांच्या मालाला बुरशी लागते." ऑर्डर गेली. ॲडव्हान्स परत करायला हिच्या पाटल्या गहाण पडल्या.

भाऊ एवढंच म्हणाले, "ग्लॉसचा, चकचकीत वॉर्निशचा, एक हात मारून बघ." मारला, अन् खालचे रंग परत वर आले. ऊन पडल्यावर मॅट पुन्हा दिलं, ब्रशनं. (पावसाळ्यात स्प्रेच्या डब्याला हात लावू नका. आणि लहान मापाला डब्यातला रंग जसाच्या तसा नको, थोडा फिका करा, नाहीतर गाडी काळी दिसते.) आयुष्यात एकदाही हा टेबलावरचा खेळ न खेळलेल्या काकांनी त्यातल्या १२ गाड्या पूर्ण भावानं नेल्या.

नंतर काम चालूच राहिलं. तो मुलगा आता कॉलेज रोडला निम्म्या दरात रंगवतो. चिकटपट्टी लावून कड काढतो, जर्मन गाडीलासुद्धा! असो.

परवा काकांकडे गेलो. काचेच्या कपाटात १२ गाड्या ओळीनं. एकीच्या पोटाखाली पांढरा डाग राहिलाय. पुसायला घेतली तर काकांनी हातातून काढून घेतली.