त्यांनी आम्हाला खायला नेलं

"त्यांनी आम्हाला खायला नेलं."

एवढंच बोलून पुतणी खिडकीबाहेर बघायला लागली. गाडी चिपळूणच्या अलीकडे क्रॉसिंगला उभी होती. कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला थांबलेली गाडी कधी हलेल हे विचारायचं नसतं, तेव्हा वेळ हाताशी भरपूर होता.

"कोणी? कुणाला?" दादाने वडापावचा कागद चुरगळत विचारलं.

"ते सांगितलं तर उरलं काय?"

जरा वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. 'ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी मालिकेतला १९६२ सालचा भाग, 'टू सर्व्ह मॅन'. नऊ फुटी परग्रहवासी पृथ्वीवर येतात, युद्धं थांबवतात, ओसाड जमिनीत पिकं काढून देतात. त्यांचं एक पुस्तक माणसांच्या हाती लागतं. शीर्षकाचा अर्थ लागतो, माणसाची सेवा करण्याविषयीचं पुस्तक! लोक खूश होऊन त्यांच्या ग्रहावर सहलीला निघतात, आणि मग कळतं की ते पाककृतींचं पुस्तक आहे. इंग्रजीत सगळी मेख 'सर्व्ह' या एका क्रियापदात. सेवा करणं आणि पानात वाढणं, दोन्ही त्यातच. भाषांतर करायला गेलं की ती गंमत सांडते. पुतणीने मराठीतच नवी मेख शोधली होती. 'आम्हाला खायला नेलं' यात जेवणारे कोण आणि जेवण कोण, हे मराठी व्याकरण सांगत नाही.

"हात्तिच्या!" दादा म्हणाला.

एका वाक्यावरून मालिकेचा भाग ओळखायचा, आमच्या घरच्या या खेळात ही पावती. सूचक वाक्य खरं हवं, त्यात पात्राचं नाव नको आणि उत्तर कळल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडून 'हात्तिच्या' निघायला हवं. 'असं होय' निघालं तर अर्धे गुण. 'हे कसं ओळखणार कुणी?' निघालं, तर राज्य पुन्हा तुमच्यावर.

खेळाची मुळं दूरदर्शनमध्ये आहेत. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अवकाशयानाच्या सफरींची अमेरिकी मालिका लागायची. संवाद निम्मे डोक्यावरून जायचे, म्हणून नंतर आठवडाभर आम्ही भावंडं एकमेकांना गोष्ट सांगून ती पुरी करायचो. आमचा टीव्ही कृष्णधवल होता. लाल शर्टवाला ग्रहावर उतरला की तो परत येत नाही, हे जगाला ठाऊक असलेलं गुपित त्यामुळे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर प्रत्येक मरण आमच्यासाठी अनपेक्षित होतं. एका अर्थी आम्ही जास्त चांगलं 'स्टार ट्रेक' पाहिलं.

त्या मालिकेचे भाग ७९. 'कॅप्टनचा जीव एका बाईवर जडतो' असं सांगून काही उपयोग नाही, त्यात निदान डझनभर भाग बसतात. खरं असूनही निरुपयोगी वाक्य कसं असतं, याचा हा नमुना. उलट दादाने एकदा सांगितलं होतं, "घूस नाही, उंदीर नाही, तरी गोदाम साफ. पंचनामा करणाऱ्याच्याच डोक्यावर सगळं कोसळलं." दादाची सगळी नोकरी धान्याच्या गोदामावर झाली आहे. १९६७ च्या त्या भागात ट्रिबल नावाचे केसाळ, गुरगुरणारे गोळे अवकाशस्थानकावरचं धान्य फस्त करतात, आणि कप्पा उघडताच कॅप्टन कर्कच्या अंगावर त्यांची रास कोसळते. जगाला त्यातले गोंडस गोळे आठवतात. दादाला साठ्यातली तूट आठवते.

मला या खेळाचं खरं वेड आहे ते यासाठी. भाग ओळखण्यापेक्षा त्या भागातलं कुणाच्या हाताला काय लागलं, हे बघण्यात जास्त मजा येते.

मावशीचंच घ्या. तिला एकाही भागाचं नाव येत नाही, यानावरच्या टोकदार कानांच्या स्पॉकला ती 'तो कानवाला' म्हणते. पण रविवारची कणीक मळता मळता तिने सगळं पाहिलेलं आहे. तिचं गाजलेलं वाक्य : "बाळंतिणीच्या खोलीत परक्याने कुदळ घेऊन शिरू नये." खाणकामगारांना मारत सुटलेला, दगडासारखा दिसणारा एक प्राणी असतो. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो तेव्हा कळतं, की ती आई आहे आणि खाणीत सापडणारे गोल दगड म्हणजे तिची अंडी. आम्ही तो भाग भीतीचा म्हणून लक्षात ठेवला होता. मावशीच्या लेखी त्यात राक्षस नव्हताच कधी.

पुतणीची पिढी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवर वाढलेली. तिने विचारलं, "आपला स्टॅच्यूचाच खेळ, पण राज्य कायम तुमच्यावर आणि पापणी मिटली की आउट." हा २००७ चा 'ब्लिंक'. तुम्ही बघत असाल तोवर त्यातले देवदूत दगडाचे पुतळे, नजर हटली की अंगावर येतात. कहर म्हणजे, डॉक्टरच्या मालिकेत डॉक्टर त्या भागात अगदी मोजका दिसतो. पूर्ण गुण.

गाडी हलली. पुढे उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आत मोबाइलला रेंज नाही, म्हणजे लबाडी नाही. आमचा नियम असा, की बोगद्यात शिरताना कोडं घालायचं आणि उजेड दिसायच्या आत उत्तर द्यायचं.

माझी पाळी होती. म्हटलं, "दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही."

"आत्या, हे पानिपत आहे!" पुतणी बोगद्याच्या आवाजावर ओरडली. बरोबर. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती सावकाराच्या पत्रातल्या अशाच सांकेतिक मजकुरातून, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण हा 'स्टार ट्रेक'चा भाग कसा?

दादाला तो बोगदा पुरला नाही. उत्तर 'डार्मोक', १९९१, म्हणजे पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या काळातलं. त्यात एक परग्रही जमात फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांतून बोलते. अपयश आलं की 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' असं म्हणायचं. भाषांतरयंत्र शब्द न् शब्द फोडून देतं, तरी कुणाला काही कळत नाही, कारण गोष्ट ठाऊक नाही. ते बघून भले भले चक्रावले म्हणे. आम्हाला त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे परीक्षेत पानिपत होतं, निरोपात 'ध'चा 'मा' होतो, घर मिळालं पण माणूस गेलं की गड येतो आणि सिंह जातो. परग्रहावरून कुणी यंत्र घेऊन आमच्या डब्यात बसला असता, तर त्याची काय दशा झाली असती!

"सोकॅथ, डोळे उघडलेले," दादा अखेर म्हणाला. त्या जमातीचं 'हात्तिच्या'.

भोके मागे पडलं. मावशी शाल गुंडाळून कोपऱ्यात पेंगत होती. तिने डोळे किलकिले केले, डब्यावरून नजर फिरवली आणि पुटपुटली, "जरा डोळा लागला, न् वाटलं सगळा जन्म सरला."

आम्ही तिघं एकदम ओरडलो, "इनर लाइट!" पिकार्ड वीस-पंचवीस मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात एका नामशेष ग्रहावर अख्खं आयुष्य जगतो. संसार, मुलं, नातवंडं, बासरी. १९९२. इतकं नेमकं वाक्य आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. पुतणीने टाळ्या वाजवल्या, दादाने पूर्ण गुण जाहीर केले.

मावशी आमच्याकडे बघत राहिली.

"कसली लाइट?" ती म्हणाली. "रत्नागिरी आली का, ते सांगा."