सहीच्या वरचं 'सिन्सिअरली'

इंग्रजीत अर्ज किंवा पत्र लिहायला बसलेली माणसं मला एकच प्रश्न हमखास विचारतात: शेवटी 'युवर्स सिन्सिअरली' घालू की 'युवर्स फेथफुली'? त्याच्या मागोमाग दुसरा येतो: या 'सिन्सिअरली'चा तिथे अर्थ तरी काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर सोपं आहे. ब्रिटिश पद्धतीत (आपल्याकडे तीच चालते) पत्राचा शेवट त्याच्या सुरुवातीवरून ठरतो. 'डिअर सर', 'डिअर मॅडम' अशी बिननावाची सुरुवात असेल तर 'फेथफुली'. 'डिअर मिस्टर कुलकर्णी' असं नाव घेतलं असेल तर 'सिन्सिअरली'. 'सर' आणि 'सिन्सिअरली' हे दोन 'एस' एका पत्रात नांदत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की झालं. सरकारी पत्रव्यवहारातही हाच हिशेब आहे. नेहमीचं इंग्रजी पत्र 'सर'ने सुरू होऊन 'फेथफुली'वर संपतं. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावानिशी लिहिलेलं अर्धशासकीय पत्र, म्हणजे 'डीओ', 'सिन्सिअरली'वर. अमेरिकेत मात्र 'फेथफुली' जवळजवळ कुणी लिहीत नाही. तिथल्या विद्यापीठाला लिहिताना नाव माहीत असो वा नसो, नुसतं 'सिन्सिअरली' पुरतं.

चुका ठरलेल्या असतात. 'युवर्स'मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी नाही. कितीही मोह झाला तरी नाही. कॅपिटल अक्षर फक्त पहिल्या शब्दाला. 'सिन्सिअर'चा शेवटचा 'ई' 'एल-वाय' लागल्यावरही टिकतो, 'ट्रू'चा मात्र गळतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की दोन्ही स्पेलिंगं चुकतात.

आता अर्थ. मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, म्हणून बिनमेणाची मूर्ती ती 'सिने सेरा', आणि त्यावरून 'सिन्सिअर', ही गोष्ट तुम्ही कुठल्या तरी व्याख्यानात ऐकली असेल. लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे 'शिवाय' आणि 'सेरा' म्हणजे 'मेण', हे खरंच. म्हणून तर ती पटते. पण कोशकार ती मानत नाहीत. मूळ शब्द 'सिन्सेरुस', आणि त्याचा अर्थ स्वच्छ, शुद्ध, भेसळ नसलेला. रोमन कवी होरेस हाच शब्द भांड्याला लावतो: भांडं स्वच्छ नसेल तर त्यात ओताल ते आंबतं. दूध तापवणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकात आला तेव्हा तो माणसांइतकाच वस्तूंनाही लागत असे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात, 'सिन्सिअर मिल्क' असा प्रयोग आहे. आजच्या वाचकाला 'प्रामाणिक दूध' वाचून हसू येईल. तिथे अर्थ आहे निर्भेळ दूध. आपला 'निर्भेळ'ही त्याच वाटेने गेला आहे. त्यातली 'भेळ' म्हणजे मिसळ, आणि आज आपण तो दुधापेक्षा आनंदाला नि यशालाच जास्त लावतो. इंग्रजीत वस्तू मागे पडल्या आणि शब्द माणसाच्या मनापुरता उरला: आत एक, बाहेर एक असं नसलेला.

पत्राच्या शेवटी 'सिन्सिअरली' दिसू लागलं ते 18व्या शतकाच्या सुरुवातीपासून. त्या काळी सहीपूर्वी 'आपला अत्यंत आज्ञाधारक, नम्र सेवक' अशी लांबलचक शेपटी असे. तिच्या तुलनेत 'सिन्सिअरली' मोकळंढाकळं, बरोबरीच्या नात्याचं होतं. पण रोज हजारो पत्रांखाली तोच शब्द पडला की त्यातला कस जातो. आज ते सहीच्या वरचं 'सिन्सिअरली' खरेपणाची ग्वाही देत नाही. 'मी तुम्हाला नावाने हाक मारली आहे' एवढंच सांगतं. जुन्या मराठी पत्रांचा शेवट 'लोभ असावा' असा होई. तिथे स्वतःच्या सच्चेपणाचा उल्लेखच नाही, समोरच्याकडे माया मागितली आहे. मला हे जास्त आवडतं, पण नोकरीच्या अर्जात त्याचं भाषांतर करू नका.

खरा घोटाळा वेगळाच आहे, आणि तो कुणी विचारत नाही. मराठीत 'मुलगी फार सिन्सिअर आहे' म्हणजे ती नियमित येते, मन लावून अभ्यास करते, दिलेलं काम वेळेत देते. हा अर्थ भारतीय इंग्रजीत पक्का रुजला आहे आणि इथे तो चूक नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र 'सिन्सिअर स्टुडंट' वाचणाऱ्याला 'मनापासून बोलणारी, ढोंग न करणारी' एवढंच कळतं. शिफारसपत्रात हा शब्द घातला की कष्टांचं कौतुक वाटेतच सांडतं. तिथे 'हार्डवर्किंग', 'डिलिजंट', जबाबदारीची जाण सांगायची असेल तर 'कॉन्शिएन्शस' लिहावं. त्याहून बरं म्हणजे विशेषण वगळून पुरावा द्यावा: प्रकल्पातलं कोणतं काम तिचं होतं, ते किती महिने चाललं, आणि कुठे अडल्यावर तिने काय केलं.