तुम्ही विचारलंत म्हणून: वाढत्या वयाची पोरं आणि क्रूझ

गणपतीत घर भरलेलं असतं, आरत्या आटोपून बायका ओटीवर टेकतात आणि कुणीतरी विषय काढतंच. "वहिनी, तुम्ही पोरांना घेऊन क्रूझला गेला होतात ना? आमची एक अकराची, एक पंधराचा. न्यावं का? कंटाळायची नाहीत ना? एवढे पैसे घालायचे म्हणजे..." नात्यातल्या, शेजारच्या, मुलीच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांचा प्रश्न हाच. गडबडीत अर्धंमुर्धं सांगून होतं, म्हणून आता नीट लिहिते.

न्या. आणि जायचंच असेल तर याच वयात न्या.

चार-पाच वर्षांचं मूल बरोबर असलं की आई घरी असो नाहीतर बोटीवर, तिचा हात पोराच्या मनगटावरून सुटत नाही. अठरा झाल्यावर मुलं आपल्याबरोबर यायला राजी नसतात, त्यांचे बेत मित्रांबरोबर ठरलेले. मधली दहा ते सोळा ही वर्षं अडनिडी. पोरांना आपल्या नजरेआड जायची घाई झालेली असते आणि आपला जीव सोडायला होत नाही. रत्नागिरीत अंधार पडल्यावर मांडवीच्या जेटीवर जायचं म्हटलं तरी मी दहा सूचना देते. मुंबईला नेलं तर दिवसभर "इथेच थांब, पुढे जाऊ नको, फोन का उचलला नाहीस" चालू. बोटीवर हे पहिल्या संध्याकाळीच थांबतं. 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ बोट अकरा डेकची, म्हणजे मजल्यांची, आहे, तेव्हा पोरांना भटकायला भरपूर. पण बाहेर पडायला रस्ता नाही आणि जिथे तिथे कर्मचारी उभे. तरणतलावाकडे कुठल्या जिन्याने जायचं, जेवायला कुठल्या लिफ्टने, हे माझ्या धाकटीला माझ्याआधी पाठ झालं. थोरला सकाळी अकराला उठून एकटाच नाश्ता शोधायला गेला आणि आपल्या पायांनी परत आला. घरात ही साधी गोष्ट वाटेल, पण त्याच्या चेहऱ्यावर मला वेगळंच काही दिसलं. त्या रात्रीच्या नाचगाण्यापेक्षा, चढायच्या भिंतीपेक्षा मला विचाराल तर या मोकळिकीसाठी पैसे घालावेत.

मोकळीक मात्र ठरवून द्यावी लागते. निघायच्या आधी घरी बसवून सांगितलं होतं: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, ठरलेल्या वेळेला, त्यात सबब नाही. दिवसा कुठेही फिरा. नवीन मित्र झाले तर उत्तम, पण भेटायचं ते चारचौघांत. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, मग तो मित्र असो, त्याचे काका असोत की बोटीवरचा कर्मचारी. काळोख झाल्यावर उघड्या डेकवर एकट्याने नाही. आणि कठड्याला पाय लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. या शेवटच्या बाबतीत मी दयामाया ठेवली नाही, तुम्हीही ठेवू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला कठडा छातीपर्यंत येतो, उडी मारून वर बसायला त्याला क्षण लागत नाही.

फोनचं लक्षात ठेवा. किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं. बऱ्याच बोटींवर उपग्रहावरून चालणारं वेगळं मोबाईल नेटवर्क असतं, फोनने ते आपोआप पकडलं तर बिलाचा आकडा बघून घाम फुटतो. म्हणून बोट सुटली की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. वायफाय विकत मिळतं. आम्ही मुलांसाठी घेतलं नाही. थोरल्याने पहिले काही तास धुसफूस केली. पण फोन लागत नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांना शोधतात, वेळ पाळतात. "चार वाजता सातव्या डेकवर, जिन्यापाशी" असं ठरवायचं आणि तिथे यायचं. आमच्या आईवडिलांनी आम्हाला असंच वाढवलं. माझ्या मुलांनी ते पहिल्यांदा केलं आणि त्यांना जमलं.

आता जरा गंभीर. बोट सुटण्याआधी, संकटात काय करायचं याची कवायत होते. सात लहान भोंगे आणि एक लांब, मग आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. या वयाच्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, पुष्कळ मोठी माणसंही टाळायला बघतात. टाळू देऊ नका. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायची होती. बत्तीस माणसं गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घेणं सक्तीचं झालं. पण आपल्याला इटलीपर्यंत जायला नको. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट पावसाळी समुद्रात उलटली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. कोकणात अजून म्हातारी माणसं ते नाव घेताना आवाज खाली आणतात. मी मुलांना रामदासची हकिगत घरीच सांगितली होती. कवायतीत धाकटीने जॅकेटचा पट्टा स्वतः आवळला, शिट्टी कुठे आहे, दिवा कुठे आहे ते चाचपून पाहिलं आणि मग आपल्या आजोबांचं जॅकेट तपासलं.

बोट लागण्याचा प्रश्न तर सगळ्याच विचारतात. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त होतो, म्हणजे तुमच्या अकरा वर्षांच्या लेकीला होऊ शकतो आणि तिच्या भावाला कदाचित नाही. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात भिंत तर जागेवर आहे, त्या भांडणात पोट बिघडतं. म्हणून केबिनमध्ये पडून पुस्तक किंवा फोन बघणं सगळ्यात वाईट. वर उघड्यावर यायचं आणि क्षितिजाकडे बघत राहायचं. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकला घेतली तर हिंदकळणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. मळमळायला लागल्यावर तिचा फार उपयोग नाही. आम्ही आल्याच्या वड्या आणि आमसुलं नेली होती. आमच्याबरोबर आलेल्या भाच्याला पहिल्या रात्री जरा कसंतरी झालं, आमसूल तोंडात धरून तो तासभर डेकवर बसला आणि मग दोन वेळा जेवला.

खात्री नसेल तर आधी पोराची परीक्षा घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, गाड्याही नेणारी मोठी रो-रो बोट आहे, 2020 पासून चालू आहे, तासाभराचा प्रवास. त्यात पोर टवटवीत राहिलं तर बरीच धास्ती कमी होते. आणि हंगाम बघा. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र नकोच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत पाणी सगळ्यात शांत असतं. मेच्या सुट्टीतही लोक जातात, पण महिना सरत आला की लाट चढायला लागते. ज्यांचं दहावी-बारावीचं वर्ष आहे त्यांनी त्या वर्षी जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोराचं लक्ष लागत नाही आणि आईचं त्याहून नाही.

केबिनचं थोडक्यात सांगते. चौघांच्या केबिनमध्ये वरच्या दोन खाटा भिंतीतून नाहीतर छतातून खाली येतात. लहानांना त्याची मजा, पण सहा फुटी मुलगा आणि वयात येणारी मुलगी यांना एकाच खोलीत कपडे बदलायचे म्हणजे अवघड. परवडत असेल तर शेजारशेजारच्या दोन केबिन घ्या, एकीत आई आणि मुली, दुसरीत बाबा आणि मुलगे. जेवण, शो, तरणतलाव तिकिटात येतं; थंड पेयं, खेळांची मशिनं, काही वेगळी रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं, आणि मुलांच्या हातातही कार्ड असतं. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन त्यावर मर्यादा घालून घ्या. बुफेला जाण्याआधी दरवेळी साबणाने हात धुवायला लावा. एवढी माणसं एकाच चमच्याला हात लावतात, पोटाची साथ पसरायला वेळ लागत नाही.

आमच्या बरोबर माझे सासरे होते. 1980 च्या दशकाअखेर कोकणातली बोट बंद पडली, त्याआधी ते नोकरीच्या निमित्ताने बोटीनेच मुंबईला ये-जा करायचे. बंदरांची नावं त्यांना अजून ओळीने पाठ: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मुंबई सोडताना कुलाब्याच्या टोकाशी, उजव्या हाताला, 1875 चं प्रॉन्ग्ज दीपगृह त्यांनी नातवंडांना दाखवलं, मग डाव्या बाजूला खांदेरीचं बेट. जेवणं झाल्यावर ते डाव्या बाजूच्या डेकवर खुर्ची ओढून बसले, कारण गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे. लांबवर एक दिवा उघडझाप करत होता. प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली आणि शेजारच्यापेक्षा वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ओळखतो. सासऱ्यांनी ओठांत आकडे मोजले आणि म्हणाले, "हा टाळकेश्वर. अंजनवेलचा." थोरल्याने घरूनच नकाशा फोनमध्ये उतरवून आणला होता, नेटवर्क नसलं तरी फोनला आपली जागा कळते. त्याने बघितलं, दाभोळची खाडी बरोबर डावीकडे. "आजोबा, करेक्ट!" मग ते खूळच लागलं. हा घड्याळ लावून सेकंद मोजणार, आजोबा नाव सांगणार, हा नकाशावर पडताळणार. जयगड झालं, आणि मध्यरात्र उलटल्यावर रत्नागिरीचा भगवतीच्या किल्ल्यावरचा दिवा लागला तेव्हा धाकटीलाही झोपेतून उठवून आणलं. आमचं घर त्या दिव्याच्या अलीकडे कुठेतरी अंधारात होतं. डिस्कोत सगळी पोरं नाचत होती आणि माझा मुलगा गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण "पोरं फोनमधून डोकं वर काढत नाहीत" ही तक्रार मला दररोज ऐकू येते. त्यांना बघण्यासारखं काही द्या आणि ते सांगणारं माणूस द्या.

जाण्याआधी मुलांना आणखी एक गोष्ट शोधायला सांगा: विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, पाण्याखाली प्रवाळांचं एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांवरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. बोटीवरून ते दिसत नाही. पण आपल्या समुद्रात प्रवाळ आहेत हे ऐकून भाच्याचे डोळे मोठे झाले होते.

आमची केबिन आवरणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी आमचं बोलणं ऐकून हळूच विचारलं, "तुमी खंयचे?" तो वेंगुर्ल्याकडचा निघाला. त्यानंतर थोरला त्याच्या मागेच लागला. किती महिने बोटीवर, घरी कधी जातोस, पगार कसा, झोप कधी. त्यानेही काही लपवलं नाही, सणाला घरी नसतो हे सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. आपल्या किनाऱ्याने पिढ्यान् पिढ्या तांडेल, सारंग, खलाशी दिले; आताच्या मुलांना ही वाट माहीतच नसते. डेक ऑफिसर व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, प्रवेशपरीक्षा (सीईटी) द्यावी लागते आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत. माझ्या मुलाने घरी आल्यावर रंगांची तपासणी करून घेतली. पुढे काय करायचं ते त्याचं तो ठरवील.

रत्नागिरीकरांनी रात्रीची कोकणकन्या धरावी, पहाटे सीएसएमटीला उतरलं की बोट सुटते ते बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. पण गाड्यांना उशीर होतो, तेव्हा आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकांकडे राहिलेलं बरं. मुलांची ओळखपत्रं मूळ हवीत. गोव्यात बोट थांबते त्या दिवशी सगळा गोवा पालथा घालायला जाऊ नका. बोट लागते त्या मुरगाव बंदरातून बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय जवळ आहे, मुलं तिथे खरोखर रमतात, आणि बोटीच्या वेळेआधी निवांत परत येता येतं.

आणि ज्यांना एवढा खर्च यंदा जमणार नाही, त्यांनी मन खट्टू करू नका. गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली या. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, चार खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात. दाभोळची फेरीबोट 2003 पासून चालू आहे. वाटेत राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा होतो, पावसाळा सोडून. वेळापत्रक काढणं, तिकिटं काढणं, कुठे मुक्काम करायचा हे सगळं पंधरा वर्षांच्या पोरावर सोपवा, आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा.