“बाबा, तो पळत का नाही?”

काकापोचा व्हिडिओ बघताना लेकीने विचारलं, आणि प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

न्यूझीलंडचा हा हिरवा, गुबगुबीत पोपट. उडता येत नाही. धोका जाणवला की जागच्या जागी थिजतो. वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुढे ही युक्ती चालायची. माणसाने आणलेली मांजरं आणि मुंगसासारखे स्टोट मात्र वासावर येतात. हा बिचारा तसाच स्तब्ध!

१९९५ मध्ये फक्त ५१ उरले होते. शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर जपून, प्रत्येकाला नाव देऊन, पाठीवर ट्रान्समीटर बांधून २०२२ मध्ये ते २५२ झाले. रिमूची झाडं फळांनी लगडतात त्याच वर्षी बहुतेक अंडी होतात. तिथली माणसं त्या बहराची वर्षानुवर्षं वाट बघतात.

झोपताना ती म्हणाली, “त्याला पळायला कोणी शिकवेल का?”

काय सांगू तिला?